‘नुकसान निरंक’ लिहिण्याआधी मूळ उपटून पाहा

प्रति,
मराठवाड्यात हवेची मोजणी करणारे, पिकांचे पंचनामे करणारे आणि भरपाई ठरवणारे सर्व अधिकारी

विषय : धूळ, धूर आणि ओझोन यांमुळे पिकातली साखरेची वाहतूक अडते, ते नुकसान पंचनाम्यात धरले जात नाही याबाबत

माननीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

खडी क्रशर, वीटभट्टी, कारखान्याची चिमणी किंवा कोळशावरचे वीज केंद्र यांच्या वाऱ्याच्या वाटेत ज्यांची जमीन आहे, त्यांनी अर्ज केला की पाहणी होते. पाहणी बांधावरून होते. पान हिरवे दिसते, झाड उभे दिसते आणि कागदावर शेरा पडतो : ‘पिकावर दृश्य परिणाम आढळून आला नाही, सबब नुकसान निरंक.’ हा शेरा आम्हाला मान्य नाही. शेरा लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल आमची शंका नाही. पण पीक कसे वाढते, याच्याशी तो शेरा जुळत नाही, आणि त्याच्या आधारावर अर्ज निकाली निघतात. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत.

आमच्यात कोरडवाहू सोयाबीन-तूर करणारे आहेत, ऊस आणि हळद करणारे बागायतदार आहेत, आणि पीकशास्त्र शिकलेले कृषी पदवीधरही आहेत. आमचे म्हणणे एकच आहे. दूषित हवेची इजा पानाच्या रंगात दिसायच्या आधी पानातून बाहेर पडणाऱ्या साखरेत होते. ती मोजायची तर मूळ, गाठी, शेंग, बोंड आणि कंद यांच्याकडे पाहावे लागते.

पान दिवसा उन्हात साखर तयार करते. त्यातली निम्म्याहून जास्त साखर पानाला स्वतःला लागत नाही. ती सुक्रोजच्या रूपात रसवाहिन्यांतून बाहेर जाते : शेंड्याला, फुलाला, दाण्याला, मुळाला. काही भाग दिवसा पानातच स्टार्च म्हणून साठतो आणि रात्री पुन्हा साखर होऊन निघतो. निरोगी रोपात हा रस ताशी साधारण अर्धा ते एक मीटर सरकतो, म्हणजे सोयाबीनच्या पानातली साखर एक-दोन तासांत मुळापर्यंत पोचते. ही वाहतूक दाबावर चालते. पानाच्या टोकाला रसवाहिनीत साखर भरली की आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते, दाब चढतो आणि रस दाब कमी असलेल्या दिशेला ढकलला जातो. साखर भरण्याचे काम मंदावले की दाबच तयार होत नाही, आणि पुढचा सगळा प्रवास ढिला पडतो.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहायला हवी. बहुतेक शेतपिकांत साखर पानाच्या पेशीतून थेट रसवाहिनीत पडत नाही. ती आधी पेशींच्या भिंतींमधल्या ओलाव्यात उतरते. तिथून रसवाहिनीला लागून असलेल्या सहपेशी तिला पंपासारखी यंत्रणा लावून आत ओढतात. हे पंप पेशीच्या पातळ पटलावर बसलेले असतात आणि त्यांना सतत ऊर्जा लागते. आता ओझोनकडे, म्हणजे धुरातल्या वायूंपासून उन्हात जमिनीलगत तयार होणाऱ्या वायूकडे पाहा. तो पर्णरंध्रातून आत शिरतो आणि सगळ्यात आधी भिंतींमधल्या त्याच ओलाव्यात विरघळतो. तिथे तो जी तिखट संयुगे तयार करतो, त्यांचा मारा त्याच पटलावर होतो. साखर जिथे उतरते आणि ओझोन जिथे विरघळतो ती जागा एकच आहे. ज्या पिकांत साखर पेशी-पेशींमधल्या सूक्ष्म नळ्यांतून जाते, तिथे झाड इजा झाल्यावर त्या नळ्यांच्या तोंडाशी कॅलोज नावाचा पदार्थ साठवून वाट अरुंद करते. दोन्हीकडे परिणाम सारखाच : साखर पानात अडते आणि खाली उपासमार होते.

साखर साठली की पान स्वतःचे काम मंद करते. माल उचलला जात नसेल तर चरक फिरवून उपयोग नाही, हे पानालाही कळते. मग ते लवकर पिकते, लवकर गळते. पण पिवळे पडेपर्यंत ते हिरवेच असते, काही वेळा जास्तच गडद दिसते, आणि पाहणीही नेमकी त्याच काळात होते.

सल्फर डायऑक्साइडचा रस्ता वेगळा, मुक्काम तोच. पानातल्या ओलाव्यात त्याचे सल्फाइट होते आणि ते रसवाहिनीत साखर भरण्याच्या क्रियेला अडथळा आणते. घेवड्यावर १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांपासून हे माहीत आहे. कापसावर कॅलिफोर्नियात झालेल्या प्रयोगांत ओझोनमुळे पानातून साखर बाहेर पडणे कमी झाले आणि मुळांची वाढ खोडापानांपेक्षा जास्त खुंटली. धुळीचे काम आणखी सरळ आहे. ती ऊन अडवते, पर्णरंध्रे बुजवते, पान तापवते, त्यामुळे पानात साखर तयारच कमी होते. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, बारीक केस असतात. तिथे बसलेली धूळ झटकून निघत नाही, आणि रब्बीत धुवायला पाऊस नसतो.

या सगळ्याचा मार मुळावर आधी का बसतो, तेही सांगतो. वरची कोवळी पाने शेंड्याला आणि फळांना साखर पुरवतात. मुळाची भाकरी खालच्या जुन्या पानांकडून येते. ओझोनची इजा दिवसांगणिक साचत जाते, म्हणून ती जुन्या पानांत जास्त असते. रस्त्याकडेचा धुरळाही खालच्या पानांवर जास्त बसतो. शिवाय साखर कमी पडली की झाड फळाला आधी देते, मुळाला शेवटी.

मराठवाड्यात मूळ आखूड राहणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आमच्याकडे दोन पावसांत वीस-पंचवीस दिवसांचा खंड पडतो. त्या खंडात पीक तगते ते खोल गेलेल्या मुळावर. पाऊस संपल्यावर तूर आणि हरभरा जमिनीतल्या ओलीवरच येतात. मूळ उपाशी राहून वीतभर आखूड राहिले, तर खाली ओल असूनही पीक सुकते, आणि पंचनाम्यात कारण लिहिले जाते ‘पावसातील खंड’.

डाळवर्गीय पिकांत आणखी एक घास जातो. मुळावरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, पण त्यांचे जेवण झाडाच्या साखरेवर चालते. एक ग्रॅम नत्र बांधायला साधारण सहा ग्रॅम कार्बन खर्ची पडतो. साखर आटली की गाठी आटतात. मग पीक नत्राला कमी पडते, शेतकरी युरिया टाकतो, आणि खरा रोग तसाच राहतो.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार मोजणीच्या जागेबद्दल. हवा मोजणारी यंत्रे शहरात आहेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात आपल्या विभागातली छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरे आहेत, आणि त्यांचा हिशोब मुख्यतः धुळीच्या कणांवर होतो. ओझोनचे गणित शहराच्या उलटे चालते. वाहनांच्या आणि चिमण्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि हवेत उडणारी सेंद्रिय द्रव्ये उन्हात शिजून ओझोन होतो, आणि त्याला वेळ लागतो. तोवर हवा शहराबाहेर गेलेली असते. उलट रस्त्यालगत ताजा धूर असतो तिथे त्यातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. म्हणून भर चौकातल्या यंत्रावर ओझोन कमी दिसतो आणि वाऱ्याखालच्या गावात तो जास्त असू शकतो. चौकातला आकडा दाखवून शिवारातल्या पिकाला दाखला देता येत नाही.

दुसरी तक्रार मर्यादांबद्दल. ही आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे, म्हणून हिशोबासह मांडतो. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे साधारण ५० पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत ५० भाग). ही मर्यादा माणसाच्या फुप्फुसासाठी ठीक असेल. पिकासाठी युरोपात वेगळी पद्धत वापरतात : दिवसाउजेडी प्रत्येक तासाला ४० पीपीबीच्या वर जेवढा ओझोन असेल तेवढा जादा आकडा तीन महिने बेरीज करत जायचा. बेरीज ३,००० पीपीबी-तासांवर गेली की गव्हासारख्या नाजूक पिकात ५ टक्के उत्पन्न घटते असे धरतात. आता समजा, एखाद्या शिवारात रोज दुपारचे सहा तास ओझोन ४८ पीपीबी राहिला. म्हणजे सुमारे ९५ मायक्रोग्रॅम. आपल्या मानकात पास. पण रोज ८ गुणिले ६, म्हणजे ४८ पीपीबी-तास जमा झाले. ६३ दिवसांत ३,००० ओलांडले. ९० दिवसांत ४,३२० झाले. एकाही दिवशी मर्यादा मोडली नाही आणि पीक मात्र मोडले. हे उदाहरण गणित समजावण्यासाठी आहे. आमच्या शिवारातला खरा आकडा काय, हे मोजून सांगणे आपले काम आहे.

सल्फर डायऑक्साइडचेही तेच. त्याची मर्यादा २४ तासांच्या सरासरीवर ८० मायक्रोग्रॅम आहे. तासाची मर्यादाच नाही. हिवाळ्यात रात्री थंड हवेचा थर जमिनीवर झाकणासारखा बसतो. सकाळी ऊन चढले की तो फुटतो आणि वर अडकलेला चिमणीचा धूर एकदम खाली उतरतो. पिकाची पर्णरंध्रे त्याच वेळी पूर्ण उघडलेली असतात. दोन तास ६०० आणि उरलेले बावीस तास २० असा आकडा राहिला, तर दिवसाची सरासरी ६८ येते. कागदावर सगळे ठीक. झाडाने मात्र सकाळच्या दोन तासांत ६०० घेतलेला असतो.

तिसरी तक्रार धोरणाची. कोळशाच्या वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा आल्या. धूर धुण्याची यंत्रणा बसवण्याच्या मुदती पुढे पुढे गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्या अटीतून सूट मिळाली. कोणाला सूट द्यायची, हे ठरवताना मोठे शहर किती अंतरावर आहे आणि परिसर आधीच प्रदूषित घोषित आहे का, हे पाहिले गेले. शेती किती अंतरावर आहे, कोणते पीक आहे, फुलोरा कधी असतो, हा निकष कुठेच नाही. वास्तविक १९८१ च्या हवा कायद्यात प्रदूषकाची जी व्याख्या आहे, तिच्यातच माणूस आणि प्राणी यांच्याबरोबर ‘वनस्पती’ हा शब्द आहे. तो शब्द अमलात आणा, एवढेच आमचे मागणे आहे.

चौथी, खडी क्रशरची. तिथल्या धुळीची मर्यादा यंत्रापासून ३ ते १० मीटरवर ६०० मायक्रोग्रॅम अशी आहे. मोजणीच्या दिवशी फवारे चालू, पट्ट्यांवर झाकण, रस्त्यावर टँकर. बांधावर, पिकाच्या उंचीला, पानावर किती धूळ बसली हे कोणी मोजत नाही.

पाचवी, विम्याची आणि मदतीची. दुष्काळ, गारपीट, पूर, कीड यांना रकाने आहेत. हवेच्या प्रदूषणाला पीक विम्यातही रकाना नाही आणि आपत्तीच्या यादीतही नाही. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईच्या बाबींमध्ये पिके, भाजीपाला, झाडे आणि फळबागा स्पष्ट लिहिलेल्या आहेत. पण तिथे जायचे तर हातात पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणून आपला ‘निरंक’ शेराच पुढे येतो. शेतकऱ्याची वाट तिथेच बंद होते.

आणखी एक, लहान दिसणारी पण खिशाला लागणारी गोष्ट. ओझोनचे डाग पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत, बारीक तपकिरी ठिपक्यांसारखे येतात आणि जुन्या पानांवर तांबूस झाक दिसते. सल्फर डायऑक्साइडने शिरा हिरव्या राहून मधला भाग दोन्ही बाजूंनी पांढरट वाळतो. वीटभट्टीतून निघणाऱ्या फ्लोराइडने टोके आणि कडा करपतात. कृषी केंद्रावर हे पान दाखवले की कोळी, फुलकिडे किंवा अन्नद्रव्याची कमतरता म्हणून औषध हातात पडते. दोन-तीन फवारण्या वाया जातात. ही ओळख पटवून देणारे एक साधे रंगीत पत्रक अजून गावात आलेले नाही.

‘दृश्य परिणाम नाही’ या शेऱ्याला पर्याय काय, असे आपण विचाराल. पर्याय महाग नाही. पंचनाम्याला येणाऱ्या पथकाने पुढील गोष्टी सोबत आणाव्यात : फावडे, बादली, चाळणी, वजनकाटा, आयोडीनचे द्रावण, स्पिरिट आणि एक पातेले.

आयोडीनची चाचणी शाळेतली आहे, आणि सोयाबीन, कापूस, तूर यांत ती छान उतरते. निरोगी पान रात्रभरात बहुतेक स्टार्च बाहेर पाठवते, त्यामुळे पहाटे ते जवळपास रिकामे असते. सूर्य उगवायच्या आत वरून तिसरे पूर्ण उघडलेले पान घ्या. बाधित शेतातून दहा झाडांची दहा आणि दूरच्या, वाऱ्याच्या वाटेत नसलेल्या शेतातून दहा. पाने उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा. मग स्पिरिट असलेल्या भांड्यात टाका आणि ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. स्पिरिट थेट जाळावर कधीही ठेवू नका, ते पेट घेते. पाच-दहा मिनिटांत हिरवा रंग निघून पान पांढरट होते. कोमट पाण्यात धुऊन ताटलीत पसरवा, वर आयोडीन टाका, दोन-तीन मिनिटे थांबा. रिकामे पान पिवळट-तपकिरी राहते. ज्यात स्टार्च अडकला आहे ते निळे-काळे होते, आणि कधी कधी तो रंग बारीक शिरांच्या कडेने दाट उठतो. दोन ताटल्या शेजारी ठेवून एक फोटो काढा. तो फोटो पंचनाम्याला जोडा.

या चाचणीच्या मर्यादा आम्हीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी त्या दाखवून निकाल उडवू नये. थंडीत, रात्रीचे तापमान आठ-दहा अंशांवर आले की निरोगी पानातही वाहतूक मंदावते आणि पहाटे स्टार्च शिल्लक दिसतो; म्हणून दोन्ही शेतांची पाने एकाच पहाटेची हवीत. पालाश किंवा मॅग्नेशियम कमी असेल तरी साखर पानात अडते. आपल्या काळ्या जमिनीत हे दोन्ही सहसा पुरेसे असतात, तरी माती परीक्षणाचा अहवाल जोडावा. सोयाबीनवर चक्रभुंग्याने देठाला किंवा खोडाला काप घेतला असेल तर वरच्या पानात साखर साठणारच. असे झाड वगळा. दोन्ही शेतांतले वाण, पेरणीचा आठवडा आणि खत शक्यतो सारखे असावे. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा : इजा फार झाली किंवा धुळीने ऊनच अडले, तर साखर तयारच होत नाही आणि पान पहाटे रिकामे दिसते. म्हणून आयोडीन एकटे पुरेसे नाही. खाली खणावे लागते.

खणण्याची रीत अशी. फुलोरा ते शेंगा लागणे या काळात पाच-पाच झाडे मुळासकट काढा. झाडाभोवती एक फूट लांब, रुंद आणि खोल मातीचा ढेकूळ अलगद उचला, तासभर बादलीत भिजवा, चाळणीवर धुवा. मूळ आणि वरचा भाग वेगळे करून कृषी विद्यालयाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या ओव्हनमध्ये ६५ ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मुळाचे वजन भागिले वरच्या भागाचे वजन, हा एक आकडा आमच्यासाठी शंभर शेऱ्यांपेक्षा मोलाचा आहे. वाळवण्याआधी गाठी मोजा आणि दहा गाठी नखाने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ काम करते. हिरवट, पांढरी किंवा तपकिरी असेल तर ती बंद आहे.

धुळीसाठी दहा पाने एका भांड्यात पाण्याने धुवा, ते पाणी आधी वजन केलेल्या गाळण कागदातून गाळा, कागद वाळवून पुन्हा वजन करा. पानांचे क्षेत्र आलेख कागदावर रेखून काढा. प्रति चौरस सेंटीमीटर किती मिलिग्रॅम, हे निघते. बांधापासून १०, ५०, १०० आणि २०० मीटरवर हेच केले की क्रशरची सीमा कागदावर आपोआप उमटते.

काढणीला सोयाबीन-हरभऱ्याचे शंभर दाण्यांचे वजन, झाडामागे शेंगा किंवा घाटे, कापसात झाडामागे बोंडे आणि बोंडाचे वजन, हळदीत एका गड्ड्याचे वजन. हळदीचा मुद्दा तातडीचा आहे. वसमत-हिंगोली भागात कंद भरण्याचा काळ पावसाळा सरल्यावर येतो. कंदात जाणारा प्रत्येक कण पानातून खाली उतरलेली साखर असते. वर फड हिरवागार आणि खाली गड्डा हलका, असे असेल तर बांधावरून काय दिसणार?

उसाबद्दल प्रामाणिकपणे सांगतो : ऊस, ज्वारी आणि मका ही पिके ओझोनला सोयाबीन-गव्हाइतकी नाजूक नाहीत. पण कारखान्याचा हंगाम सुरू झाला की काजळी उसाच्या पानावर बसते, आणि पेऱ्यांत साखर भरण्याचा काळ तोच असतो. एकट्या शेतकऱ्याला उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याचा, फटका कळत नाही, कारण उतारा सगळ्या कारखान्याचा मिळून निघतो. त्याचे वजन घटते, ते फक्त त्याला कळते. उतारा संपूर्ण भागाचा खाली आला तर २०२५-२६ च्या रास्त आणि किफायतशीर दरात ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे कमी होतात. एकरी ४० टन धरले तर एकरी १,३८४ रुपये. रसातली साखर मोजणारा हॅंड रिफ्रॅक्टोमीटर कारखान्यांच्या गट कार्यालयांत असतो. बाधित आणि दूरच्या फडांतल्या खालच्या, मधल्या आणि वरच्या पेऱ्यांचे ब्रिक्स (रसातल्या गोडीचा आकडा) महिन्यातून एकदा घेऊन ठेवायला अडचण नसावी.

एक गोष्ट आमच्या बाजूचीही आहे आणि ती लपवायची नाही. उसाचे पाचट आणि कापसाच्या पऱ्हाट्या आम्ही जाळतो. त्या धुरातूनही ओझोनचा कच्चा माल तयार होतो आणि काजळी शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर बसते. ते थांबवण्याची जबाबदारी आमची आहे. पाचट कुट्टी करणारे यंत्र तोडणीनंतर आठ दिवसांत भाड्याने मिळाले, तर जाळण्याचे कारण उरत नाही. मिळत नाही, कारण खोडव्याला पाणी द्यायची घाई असते आणि यंत्राची पाळी महिन्याने येते.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

केवळ ‘दृश्य परिणाम नाही’ या आधारावर निकाली काढलेले अर्ज पुन्हा उघडावेत. येत्या रब्बीपासून पंचनाम्याच्या नमुन्यात मुळाचे वजन, कार्यरत गाठी, शेंगा किंवा बोंडे, शंभर दाण्यांचे वजन आणि पानावरची धूळ हे रकाने घालावेत, आणि तुलनेचे शेत कोणते घेतले, ते गट क्रमांकासह लिहावे. पाहणी फुलोऱ्यात एकदा आणि काढणीला एकदा, अशी दोनदा व्हावी.

आठही जिल्ह्यांत शहराबाहेर, शेतात, पिकाच्या उंचीला, ओझोन तासातासाला मोजणारे किमान एक यंत्र बसवावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे आणि जिल्ह्यांची कृषी विज्ञान केंद्रे यासाठी तयार जागा आहेत. मधल्या गावांत विजेशिवाय हवेचे नमुने घेणारी साधी साधने लावता येतात. हंगामाअखेर ४० पीपीबीच्या वरची बेरीज गावकऱ्यांना कळेल अशी जाहीर करावी.

मोठ्या चिमण्यांच्या परिसरातल्या सल्फर डायऑक्साइडचे तासाचे आकडे रोजच्या रोज खुले करावेत, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सात ते अकराचे.

क्रशरला परवानगी देताना आणि तिचे नूतनीकरण करताना बांधावरच्या पानांची धूळमोजणी बंधनकारक करावी. वारा अडवणारी भिंत, बंद पट्टे, फवारे आणि पक्का रस्ता यांची तपासणी न कळवता व्हावी.

विद्यापीठाने एथिलीन डाययुरिया वापरून तुलनेचे पट्टे घ्यावेत. हे रसायन झाडाला ओझोनपासून वाचवते. साधारण ४०० पीपीएमचे (दहा लाख भागांत ४०० भाग) द्रावण दहा-दहा दिवसांनी मुळाशी दिलेला पट्टा आणि साध्या पाण्याचा पट्टा, यांच्या उत्पन्नातला फरक म्हणजे त्या गावच्या ओझोनने खाल्लेले पीक. हे संशोधनाचे साधन आहे, शेतकऱ्याला विकायचे औषध नाही. त्याची जाहिरात होऊ देऊ नये. तीन हंगाम हे झाले, तर एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ यांपैकी कोणते सोयाबीन आणि बीडीएन ७११, बीडीएन ७१६ यांपैकी कोणती तूर ओझोनला जास्त टिकते, हे आम्हाला बियाणे घेण्याआधी कळेल. ठिबकावरच्या पिकाची निवड करणाऱ्यांना ही माहिती आधी हवी. पाणी भरपूर असले की पर्णरंध्रे उघडी राहतात आणि ओझोन जास्त आत जातो. ताण पडलेले कोरडवाहू पीक ती मिटून घेते. म्हणजे पाण्यावर खर्च करणारा शेतकरीच या वायूला जास्त बळी पडतो.

प्रत्येक मंडळात पाचट कुट्टीची यंत्रे तोडणीच्या वेळापत्रकाला जोडून द्यावीत.

प्रदूषणाने झालेल्या पीकनुकसानीसाठी जिल्हा स्तरावर स्वतंत्र अर्ज, ठरलेली मुदत आणि नाकारल्यास लेखी शास्त्रीय कारण द्यावे.

यातल्या काही गोष्टींना निधी लागेल, काहींना शासन निर्णय लागेल, हे आम्हाला कळते. पण फावडे, चाळणी आणि आयोडीन यांना काहीच लागत नाही. तूर शेंगांवर आहे, हरभऱ्याला घाटे धरत आहेत. तुलनेसाठी दोन शेते आम्ही निवडून ठेवली आहेत. वाण एक, पेरणी एकाच आठवड्यातली, माती परीक्षणाचे कागद जोडलेले. स्पिरिट, पातेले, ताटल्या आमच्याकडून. आपल्या पथकाने दिवस कळवावा आणि पहाटे साडेपाचला, उजाडायच्या आत, बांधावर यावे.

आपले,
वाऱ्याखालच्या शिवारांतले शेतकरी आणि कृषी पदवीधर,
मराठवाडा